मिंकचा खोका

सोमवार, ८ मे १९७८

"सांडविकच्या आयांनो! ज्यांच्या लेकरांना सरकारनं बिल्ला दिला नाही, पिन दिली — त्या तुम्ही! पुढे या. मागच्या खुर्च्यांवर बसू नका. मागे बसायची सवय तुम्हाला कुणी लावली ते मला ठाऊक आहे!"

अशी सुरुवात करायची. शाळा मंडळाची बैठक पाच जूनला. भांडी घासताना मोठ्यानं म्हणून पाहिलं. 'सवय' या शब्दावर थांबायचं, मग खालच्या आवाजात पुढचं. आयनार पेपरामागून म्हणाला, "बेग्गा, त्या बशीला तरी सोड. तिनं काय केलंय?"

नवऱ्याला हसू येतं. मला येत नाही. आठ वर्षं झाली कॅनडा सरकारचं हे राष्ट्रीय तंदुरुस्ती पारितोषिक सुरू होऊन. दर वसंतात ओटावाहून खोकं येतं. दोन धावण्याच्या शर्यती, लाकडी ठोकळे उचलत पळत ये-जा, जागेवरून लांब उडी, पाठीवर पडून भराभर उठणं, आणि बारला हनुवटी वर ठेवून लटकणं. जमेल तसं उत्कृष्ट, सुवर्ण, रौप्य, कांस्य — कापडी बिल्ले. आया ते जाकिटाच्या बाहीवर शिवतात. आणि ज्याचा एक प्रकार जरी राहिला त्याला प्लास्टिकची पिन. 'सहभाग'! हा शब्द ज्यानं शोधला तो माणूस दुष्ट नसणार. नुसता हुशार असणार. हुशार माणसाच्या क्रूरपणाला रक्त लागत नाही, म्हणून तो धुवावाही लागत नाही.

पण खरं तेही लिहून ठेवते. ओटावाचा कागद मुलांचं वजन करा म्हणत नाही. ट्रकवर चढवा म्हणत नाही. ती अक्कल आमची. शाळेत वजनकाटा नाही म्हणून प्रुइटमास्तरानं गेल्या वर्षी पोरांना मासळीच्या शेडमध्ये नेलं आणि मासे तोलायच्या काट्यावर उभं केलं. आणि जूनमधल्या क्रीडादिनाला शेडमालक स्टेब्बीचा मासळीचा ट्रक मैदानात येतो. उत्कृष्टवाले आधी वर चढतात. मग सुवर्ण, मग रौप्य, मग कांस्य. एकेकाचं नाव भोंग्यातून. उरलेले खाली, चाकापाशी. त्यांना नाव नसतं. "आणि बाकीचे — सहभागी."

माझी रूना तीन वर्षं 'बाकीचे' आहे. गेल्या जूनमध्ये घरी आली, पिन दातांनी तोडली आणि चुलीत टाकली. प्लास्टिकचा वास किती दिवस जाईना.


बुधवार, १० मे

सरोवर बर्फातून मोकळं झालं. शेडमध्ये पहिली खेप. हात अजून गार आहेत.

आमच्या टेबलावर माशांचे चार वर्ग पडतात — जम्बो, मोठा, मध्यम, आणि मिंक. मिंक म्हणजे ज्याला माणसाच्या ताटात जागा नाही तो. तो शेवटच्या खोक्यात जातो आणि तिथून फार्मवर, कोटांसाठी पाळलेल्या मिंक नावाच्या केसाळ जनावरांच्या पुढ्यात. वीस वर्षं मी हे करते आहे. डोळे न उघडताही करीन.

काट्यावर उभं राहून आल्यापासून पोरांनी पिनवाल्यांना नाव पाडलंय — मिंक. "ए मिंक, सरक!" "मिंक आली, खोका आणा!" शब्द कुठून उचलला ते विचारायला नको. त्यांच्या आयांच्या तोंडून. माझ्या तोंडून.


रविवार, १४ मे

चर्चनंतर कॉफी. प्रुइट तिथे होता. विनिपेगचा तरुण मुलगा, मिशी राखलेली, एकेकाळी हॉकी खेळायचा. वाईट नाही. हेच तर अवघड आहे — वाईट असता तर एका भाषणात संपवला असता.

मी साखरेचा खडा दातात धरला आणि विचारलं, "मास्तर, हे सगळं कशासाठी?"

"देशासाठी, मिसेस एयोल्फसन. टीव्हीवर बघितलं नाही? साठ वर्षांचा स्वीडिश माणूस आपल्या तिशीतल्या माणसाइतका तंदुरुस्त आहे!"

आयनार म्हणाला, "मग त्या स्वीडिश म्हाताऱ्याला बोलवा ना. ऑक्टोबरात माझी जाळी ओढायला माणूस नाहीये."

सगळे हसले. मी हसले नाही. मी त्याला सांगितलं — हे स्वीडिश प्रकरण काल सुरू झालं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राणीचा नवरा इथे येऊन डॉक्टरांच्या भरसभेत बोलला, की तुम्ही लोक ढिले पडलात. लाज वाटली. संसदेनं दोन वर्षांत कायदा केला. मोठ्यांची लाज मोठ्यांकडून निस्तरेना, तेव्हा ती पोरांच्या अंगावर मोजपट्टी लावून टाकली! स्पार्टातले म्हातारे नवजात पोर हातात घेऊन बघायचे, ठेवायचं की दरीत टाकायचं. त्यांनी निदान त्या पोराला पिन देऊन आभार मानले नाहीत.

कप थांबले. पाद्रीबाबांनी केकची ताटली उगाच पुढे केली.

प्रुइट लाल झाला, पण मागे सरला नाही. "तुम्ही छान बोलता. पण पोरांना शिडी आवडते हो. शिडी नसली तर चढायचं कशावर? तुमच्या रूनालाच विचारा."

"माझ्या रूनाला मी ओळखते."

"परवा आली होती माझ्याकडे. शाळा सुटल्यावर बार वापरू का म्हणून विचारत होती."

मी खडा चावून टाकला. आवाज मलाच ऐकू आला.


गुरुवार, १८ मे

घरामागे जाळी वाळवायचा मांडव आहे. आज संध्याकाळी कपडे काढायला गेले तर त्याच्या आडव्या दांड्याला रूना लटकलेली. हनुवटी दांड्याच्या वर, डोळे मिटलेले, तोंड जांभळं, पाय थरथरताहेत. मला वाटलं अडकली आहे. धावले, कमरेला धरलं.

"सोड! मम्मा, सोड ना! मोजत होते मी!"

तळहात सोललेले. सरोवर मोकळं झाल्यापासून रोज करते आहे. बापाला माहीत होतं. त्यानंच दांड्याला जुन्या जाळ्याचा दोरा गुंडाळून दिला, हात सरकू नयेत म्हणून. मला कुणी सांगितलं नाही!

ओट्यावर बसवून तिच्या हाताला चरबी लावली. म्हटलं, "अगं, कशाला? पाच तारखेला मी ते सगळं बंद पाडते आहे. नावं वाचायची नाहीत, ट्रक नाही. ज्याचं त्याला पाकिटात. ठराव तयार आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. बारा वर्षांची आहे. नजर माझ्या आजीची — समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघणारी.

"मम्मा, बाकी सगळं जमतं मला आता. फक्त बार राहिलाय. बार जमला की कांस्य."

"छान आहे. पाकिटात मिळेल."

"मला पाकिटात नकोय."

"रूना, तो ट्रक म्हणजे —"

"मला माहितीये काय ते. तू रोज भांड्यांना सांगतेस. मला पाठ आहे तुझं." मग एकदम, घाईनं, "ट्रक नसावा असं मला नाही वाटत, मम्मा. मी ट्रकवर असावं असं वाटतं. एकदाच. भोंग्यातून माझं नाव यावं, आणि सगळ्यांनी ऐकावं. तू जिंकलीस तर मी कधीच वर चढणार नाही. तू शिडीच काढून नेशील."

सरकारी आरोग्यविम्याच्या वेळी मी सेलकर्कच्या चौकात त्याला विरोध करणाऱ्या डॉक्टरांना उत्तरं दिली होती. स्वयंपाकघरात मी चरबीच्या डबीचं झाकण लावत बसले.

"पुढच्या वर्षी बंद पाड," ती म्हणाली. "ह्या वर्षी गप्प बस. प्लीज."


शनिवार, २० मे

लौगा आली. कोट न काढता दारातच बसली. तिचा स्काप्ती रूनाच्या वर्गात. छातीत घरघर होते पोराच्या. दरवर्षी पिन. व्यायामाच्या तासाच्या दिवशी सकाळी ओकतो.

"सात जणी पक्क्या झाल्या," लौगा म्हणाली. "हाल्ला म्हणत होती, मी नाही येत, मला बोलता येत नाही. मी म्हटलं, बोलायचं कुणाला आहे? बेग्गा बोलेल. आपण नुसतं पुढच्या रांगेत बसायचं." हसली. "तूच म्हणालीस ना, मागे बसायचं नाही."

मी तिला कॉफी दिली. वचनही दिलं.

म्हणजे आता माझी दोन वचनं आहेत. नाही — रूनाला मी काहीच म्हटलं नव्हतं. पण ती तसं धरून चालली आहे.


बुधवार, २४ मे

मांडवावर आज दोघं लटकलेली. रूना आणि स्काप्ती. तो येतो रोज, बापाच्या भल्या मोठ्या बुटांतून. लटकतो, लगेच पडतो, बसून मोजतो. तिच्यासाठी.

"धर, धर! स्टेब्बी येतोय काटा घेऊन!" तो ओरडत होता. तिला हसू फुटलं आणि ती पडली. दोघं गवतात लोळून हसली.

"मला हसवू नकोस रे, मिंक!"

"तू मिंक! मी जम्बो मिंक!"

त्यांनी आपसात तो शब्द पाळीव करून ठेवला आहे. कुत्र्यासारखा. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, ह्यांना माझ्या भाषणाची गरजच नाही.

मग स्काप्ती पुन्हा दांड्याकडे गेला. हनुवटी वर गेलीच नाही. खोकला आला. रूना त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती, पण नजर दांड्यावर होती.


मंगळवार, ३० मे

झालं! जमलं! कांस्य!

रूना रस्त्याच्या टोकापासून ओरडत आली. चारही दारं आपटली. आयनारनं तिला उचलून मांडवाभोवती फिरवलं. पाठ दुखते म्हणून आठवडाभर बादली उचलत नव्हता तो!

जोडीदाराला मोजायचं असतं. तिचा जोडीदार स्काप्ती. म्हणे तो इतक्या मोठ्यानं मोजत होता की प्रुइटनं घड्याळ बघणं सोडून त्याच्याकडेच बघितलं. डीसा वगैरे सोनेरी बाहीवाल्या पोरी सुरुवातीला "खोका आणा, खोका आणा" करत होत्या. शेवटी त्याच "धर रूना, धर!"

"आणि स्काप्ती?" मी विचारलं.

"हं?"

"त्याचं काय झालं?"

"त्याचं नाही झालं." बशीतला केक संपवला. वीनार्तेर्ता, सात थरांचा — ती आधी वरचा थर खाते, मग खालचे. "बारवरून पडला. पँट फाटली. सगळे हसले."

"तूसुद्धा?"

"थोडीशी."


रविवार, ४ जून

उद्या.

मुद्दे लिहून काढले. विरुद्ध बाजूचेही, मी नेहमी काढते तसे. एक बाजू — स्काप्ती. हाल्लाची जुळी. अजून जन्मली नाहीत ती सगळी. दुसरी बाजू — रूना.

तराजूत हे बसतच नाही. एका बाजूला माणुसकी आहे आणि दुसऱ्या बाजूला माझी मुलगी आहे. ज्यांनी मोठमोठी पुस्तकं लिहिली त्यांना घरात बारा वर्षांची मुलगी होती का? असली तरी बहुधा दुसरंच कुणीतरी तिची वेणी घालत असणार.

आयनारला विचारलं. तो जाळं विणत होता. "तू बोललीस तर जिंकशील," म्हणाला. "नेहमी जिंकतेस. एकदा हरून बघ, कसं वाटतं."

सल्ला होता की टोमणा, कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

झोपायला जाताना रूना माझ्या गळ्यात पडली. काही मागितलं नाही. त्यानंच मेले मी.


सोमवार, ५ जून

सात जणी पुढच्या रांगेत. लौगानं टोपी घातली होती, नाताळाला घालते ती.

स्टेब्बी अध्यक्ष. शेडही त्याची, ट्रकही त्याचा. पाइप विझवून बसला होता, म्हणजे भांडायच्या तयारीत. प्रुइटनं ओटावाचे कागद मांडीवर घेतले होते.

"बेग्गा, तुझा ठराव," स्टेब्बी म्हणाला. "आटोप. म्हणजे तुझ्या मानानं आटोप."

मी उभी राहिले. ज्या जागी थांबायचं असतं तिथे थांबले. पण आधीचं काही बोललेच नव्हते.

"माझा ठराव मी सप्टेंबरपर्यंत मागे घेते."

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तुला."

स्टेब्बीनं पाइप पुन्हा पेटवला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं घाईघाईनं शाळेच्या गळक्या छपराचा विषय काढला. प्रुइट बुटांकडे बघत होता. त्याला निदान लाज वाटली, माझ्या वतीनं.

सात जणी तशाच बसून राहिल्या. छपराच्या विषयाला सातही जणींनी हात वर केले, का ते कळून नव्हे, हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून.

पायऱ्यांवर लौगा उभी होती. टोपी हातात. शांतपणे म्हणाली, "मागच्या खुर्चीची मला सवय होती, बेग्गा. तिथून मला उठवायची काय गरज होती?"

"सप्टेंबरात —"

"तुझ्या मुलीचं झालं ना?" एवढंच. "मग झालं."


मंगळवार, ६ जून

भांडी गप्प घासली. आयनार दोनदा पेपराबाहेर डोकावला.


शनिवार, १० जून

क्रीडादिन. ऊन. डास.

ट्रक पहाटे पाण्यानं धुतला होता, तरी वास होताच. आमच्या गावात कुठलाही मान माशाच्या वासाशिवाय मिळत नाही.

डीसा पहिली, उत्कृष्ट. मग सुवर्ण. मग रौप्य, लांबलचक रांग. मग कांस्य, आणि भोंग्यातून — "रूना एयोल्फसन!"

ती शिडी वापरायला विसरली. चाकावर पाय ठेवून, दांड्याला धरून एका उसळीत वर! लोक हसले, चांगलं हसले. डीसानं सरकून जागा दिली. रूना तिथे उभी राहिली आणि तिनं मैदानावरून नजर फिरवली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. मी सभेत फिरवते तशी.

मी लिहिते ते खरं लिहिते: मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. ओटावा, स्पार्टा, सगळं चुलीत! माझी मुलगी उंच उभी होती आणि तिचं नाव हवेत होतं. मी टाळ्या वाजवत सुटले.

गेल्या वर्षी चाकापाशी नऊ जण होते. ह्या वर्षी सगळी पोरं काही ना काही करून वर गेली. हाल्लाची जुळीसुद्धा. खाली एकटा स्काप्ती. बापाचे बूट पुसून घातले होते.

"बाकीचे" म्हणायला बाकीचे कुणी नव्हते. प्रुइट अडखळला. त्याला वाटलं असेल, निदान नाव तरी घ्यावं, बरं दिसेल. भोंग्यात म्हणाला, "आणि सहभागी — स्काप्ती!"

कुणीतरी ट्रकवरून हळूच म्हणालं, "मिंक." मग हसू सगळ्या ट्रकभर पसरलं. रूना हसली का ते मला दिसलं नाही. उन्हाकडे तोंड होतं माझं. असं मी म्हणते.

माझ्या टाळ्या रूनासाठी सुरू झाल्या होत्या, त्या थांबवायला मी विसरले. त्यामुळे स्काप्तीच्या नावाला सबंध मैदानात फक्त एक जोडी टाळ्या वाजल्या. माझी. लौगानं वळून बघितलं. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे.

तिनं जाऊन पोराचा हात धरला. तो हात सोडवून घेऊन प्रुइटकडे गेला, पिन घेतली, "थँक यू सर" म्हणाला आणि शर्टाला लावली. उलटी लागली.


रविवार, ११ जून

बिल्ला शिवला. डाव्या बाहीवर, खांद्याच्या खाली. साध्या दोऱ्यानं नाही, जाळ्याच्या दोऱ्यानं, दुहेरी, आयनार जाळ्याच्या कडेला घालतो त्या गाठीनं. दोन जाकिटं फाटतील, पण हा निघायचा नाही.

रूना मांडीला टेकून बसली होती. "अजून घट्ट," म्हणत होती. "अजून."


बुधवार, १४ जून

दुपारी दार वाजलं. स्काप्ती. "रूना आहे? मांडवावर येते का विचार."

आतून रूनाचाच आवाज आला, "ती नाहीये म्हणावं!"

तो माझ्याकडे बघून हसला. मोठ्या माणसासारखा. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी त्याला केकचा तुकडा दिला. त्यानं तो पायरीवर ठेवला आणि गेला.

थोड्या वेळानं डीसा आणि दोघी आल्या. जाकीट घालून रूना त्यांच्याबरोबर गेली. उकडत होतं तरी जाकीट.


शनिवार, १७ जून

आइसलँडचा राष्ट्रीय दिवस, आमच्या आज्या जिथून आल्या त्या देशाचा. हॉलमध्ये कॉफी, ध्वज, गाणी, आणि शेवटी दरवर्षीप्रमाणे माझं भाषण. मी मागच्या स्वयंपाकघरात केक कापत होते. शेजारी लौगा. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं आहे, केक कापणं सोडलं नाही.

खिडकीबाहेरून आवाज आला. भरदार. थांबायचं तिथे बरोबर थांबणारा.

"सांडविकच्या पोरांनो! ज्यांना सरकारनं बिल्ला दिला नाही, पिन दिली — ते तुम्ही! पुढे या!" थोडं थांबून, खालच्या आवाजात, "पुढे ये ना रे, मिंक. तुझा खोका आणलाय."

रूना फळांच्या खोक्यावर उभी होती. समोर स्काप्ती. भोवती डीसा आणि पोरं, हसून लोळत होती. हाल्लाची जुळीसुद्धा. टेबलापलीकडून एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "अगदी आईवर गेलीय!"

लौगाची सुरी थांबली नाही. सगळे तुकडे एकसारखे पडत होते.

मला हॉलमध्ये बोलावलं. मी उभी राहिले, "कॉफी गार होतेय" म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं विनोद.

आता घरी आले आहे. रूना सरोवरावर पोहायला गेली आहे. जाकीट दारामागे टांगलंय. बिल्ल्याची गाठ दुहेरी आहे, नखानं निघणार नाही.

कात्री घे, बेग्गा. उसव.